एक ग्रॅमचा थेंब

उदाहरण सुटले, उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले, की गंगेत घोडे न्हाले, अशी अकरावी-बारावीच्या वर्गांत सर्वसाधारण समजूत असते. जुळलेल्या उत्तराचीही एकदा झडती घ्यावी, असे आम्हांला वाटते. त्यासाठी एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील (२००६) कार्य, ऊर्जा व शक्ती या प्रकरणातले एक सोडवलेले उदाहरण पाहू.

एक ग्रॅम वस्तुमानाचा पावसाचा थेंब एक किलोमीटर उंचीवरून पडतो आणि ५० मीटर प्रति सेकंद वेगाने जमिनीवर आदळतो. हवेचा रोध वेगाच्या समप्रमाणात आहे, एवढेच ठाऊक आहे. तर गुरुत्वबलाने किती कार्य केले आणि रोधबलाने किती? गुरुत्वीय त्वरण १० धरले की गुरुत्वबलाचे कार्य १० ज्यूल येते. थेंबाची गतिज ऊर्जा १.२५ ज्यूल. म्हणून रोधबलाचे कार्य उणे ८.७५ ज्यूल.

उदाहरणाचा गुण आधी सांगितला पाहिजे. रोधबल क्षणोक्षणी बदलते, त्याचे पूर्ण सूत्र हाती नाही. तरीही कार्य-ऊर्जा प्रमेयाने त्याचे कार्य काढता येते. प्रमेयाची ही ताकद येथे फार सुटसुटीतपणे दिसते.

आता थेंबाकडे पाहू. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर. त्याचा गोल केला तर व्यास सुमारे १२ मिलिमीटर भरतो. पावसाचे थेंब पाच-सहा मिलिमीटरांपेक्षा मोठे क्वचितच असतात; त्याहून मोठा थेंब पडताना चपटा होऊन फुटतो. मोठ्या थेंबांचा अंत्य वेग, म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी, सेकंदाला ९ मीटरांच्या आसपास असतो. पुस्तकातला थेंब मात्र ताशी १८० किलोमीटर वेगाने येतो! शिवाय रोध वेगाच्या समप्रमाणात असणे हे धुक्यातल्या अतिसूक्ष्म थेंबांपुरते ठीक आहे. पावसाच्या मोठ्या थेंबांवरील रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आकडे बदलले तरी रीत तीच, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. थेंबाजवळ शेवटी उरलेल्या गतिज ऊर्जेला गुरुत्वबलाच्या कार्याने भागून पाहा. वस्तुमान निघून जाते. उरतात फक्त वेग, त्वरण आणि उंची. वेग ५० घातला तर हे गुणोत्तर १२.५ टक्के येते. वेग ९ घातला तर अवघे ०.४ टक्के. खऱ्या पावसात हजारातले ९९६ भाग वाटेतच हवेला मिळतात आणि शेवटी त्यांची उष्णता होते. म्हणून तर किलोमीटरभर उंचीवरून आलेला पाऊस रोपांच्या पानांची चाळण करीत नाही. उदाहरणातल्या आकड्यांमुळे नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

गंमत अशी, की याच प्रकरणाच्या स्वाध्यायात २ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब ५०० मीटरांवरून पडून १० मीटर प्रति सेकंद वेगाने पोचतो. हे आकडे वास्तवाच्या पुष्कळच जवळ आहेत. तो निम्म्या उंचीवर कमाल वेग गाठतो, हे मात्र पटत नाही. पहिल्या वीस-तीस मीटरांतच तो जवळजवळ तेथवर पोचलेला असतो. दोन्ही गणिते लागोपाठ सोडवूनही, एक थेंब ५० ने आणि दुसरा १० ने का येतो, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शिक्षकांनी हे उदाहरण गाळू नये. ते सोडवून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हा थेंब केवढा? तो एवढ्या वेगाने येऊ शकेल का? खरा वेग घातला तर उत्तर किती बदलते? पाच मिनिटे लागतील आणि परीक्षेत त्याचे गुण मिळणार नाहीत. पण दर पावसाळ्यात भिजत शाळेत येणाऱ्या मुलांना फळ्यावरचा पाऊस तपासून पाहण्याची सवय लागली, तर ती पाच मिनिटे सत्कारणी लागली असे आम्ही समजू.