नाममुद्रा आणि निगेटिव्ह

दक्षिण व्हिएतनाममधील त्रांग बांग येथे ८ जून १९७२ रोजी टिपलेल्या छायाचित्राचा आशय कोणास सांगावा लागत नाही. नापामने होरपळलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून धावत येते. अर्धशतकभर ही प्रतिमा जणू कर्त्यावाचूनच वाचली गेली. रोलां बार्थप्रणीत ‘लेखकाच्या मृत्यू’ला याहून चपखल उदाहरण नाही, असे एरवी म्हणता आले असते. परंतु जानेवारी २०२५मध्ये ‘द स्ट्रिंगर’ हा अनुबोधपट दाखविला गेला आणि कर्ता पुन्हा दारात उभा राहिला. तोही एक नव्हे, दोन.

अनुबोधपटाचे प्रतिपादन असे की, छायाचित्र असोसिएटेड प्रेसच्या निक उट यांचे नसून न्युएन थान न्गे यांचे आहे. न्गे त्या दिवशी एनबीसीच्या चमूबरोबर होते. आपण ते वृत्तसंस्थेला वीस डॉलरना विकले, असे ते सांगतात. सायगाव कार्यालयातील तत्कालीन छायाचित्र-संपादक कार्ल रॉबिन्सन यांच्या म्हणण्यानुसार होर्स्ट फास यांच्या सांगण्यावरून श्रेयनाव बदलले गेले. उट हे सर्व नाकारतात. फास २०१२मध्येच निवर्तले.

अभंगात कवीची नाममुद्रा संहितेच्या आत असते. (ती तेथे असूनही वाद थांबत नाहीत, हे निराळे.) छायाचित्रात मात्र नाव चौकटीबाहेर, संस्थेच्या टेबलावर लिहिले जाते. म्हणूनच येथे बार्थपेक्षा फूको अधिक उपयोगी ठरतो: कर्ता ही व्यक्तीपेक्षा एक कार्यपद आहे, आणि ते कोणाला द्यावयाचे हे व्यवस्था ठरविते. कर्त्याचा मृत्यू वाचकाला मुक्त करतो, हे विधान ग्रंथव्यवहारात आकर्षक वाटते. वीस डॉलरच्या व्यवहारात त्या मृत्यूचा लाभ वाचकाला होत नाही. तो फिल्म विकत घेणाऱ्याला होतो. या फरकाकडे आपल्या सिद्धान्तचर्चेने पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते.

मूळ चौकटीत उजव्या कडेला कॅमेऱ्याशी खटपट करणारा एक छायाचित्रकार दिसतो. प्रसिद्ध आवृत्तीत तो बहुधा कापला गेला. त्या काटछाटीने प्रतिमेची तीव्रता वाढली हे खरे. पण रस्त्यावर कॅमेरेवाल्यांचा घोळकाच होता ही गोष्ट तिने पुसून टाकली. एकट्या साक्षीदाराची प्रतिमा अशी कात्रीने घडली. आजचा वाद लढला जातो तो नेमका त्या घोळक्यातील इतरांच्या चित्रफितींवर, कोण कोठे उभा होता याच्या मोजमापावर.

मे २०२५मध्ये दोन निर्णय आले. असोसिएटेड प्रेसने विस्तृत अहवालात छायाचित्र बहुधा पेन्टॅक्स कॅमेऱ्याने घेतले असावे असे मान्य केले. उट मात्र आपल्याजवळ लायका आणि निकॉन असल्याचे वर्षानुवर्षे सांगत आले होते. तरीही श्रेय बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाही, असे ठरवून संस्थेने नाव कायम ठेवले. वर्ल्ड प्रेस फोटोने पुरस्कार तसाच ठेवून कर्तृत्वाची नोंद स्थगित केली. बरीचशी सामग्री समान असूनही निष्कर्ष भिन्न झाले, कारण प्रश्नच भिन्न होते. एकीने विचारले: उट यांनी ते घेतले नाही, हे सिद्ध झाले काय? दुसरीने विचारले: उट यांनीच ते घेतले, हे आज सिद्ध करता येते काय?

सिद्धतेचा भार कोणावर, हा प्रश्न दिसतो तितका तटस्थ नाही. दप्तर संस्थेचे, निगेटिव्हे संस्थेची, नोंदी संस्थेच्या. फिल्म विकून निघून गेलेल्या माणसाजवळ स्वतःच्या कथनापलीकडे फारसे काही उरणार नाही, हे त्या व्यवहारातच अंतर्भूत होते. याचा अर्थ न्गे यांचा दावा खरा, असा होत नाही. तसे म्हणणे उट यांच्यावर अन्याय ठरेल. त्याच मुलीला त्यांनी रुग्णालयात नेले होते.