जीवाश्मांची साक्ष आणि आमचे माळ

अमेरिकेंतील ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या फेब्रुवारी २०१७ मधील एका अंकांत अँथनी बार्नोस्की, एलिझाबेथ हॅडली व त्यांचे बरेच सहकारी यांनीं मिळून लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीवरील वनांचें व प्राण्यांचें संरक्षण करूं इच्छिणारांनीं जीवाश्मांचें शास्त्र हाताशीं घ्यावें, हें त्याचें प्रतिपाद्य. लेख जुना झाला असें कोणी म्हणेल. परंतु त्यांतील प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं, आणि मराठींत त्याचा ऊहापोह झालेला निदान आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. साहित्य शिकविण्यांत आमची हयात गेली. तरीही हा निबंध परीक्षणास घेण्याचें धाडस आम्ही करीत आहों, कारण त्यांतील मुख्य वाद आमच्या चांगला परिचयाचा आहे. तो पाठनिर्णयाचा वाद आहे.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ति ज्यांनीं उघडून पाहिली असेल त्यांस हें चटकन् ध्यानांत येईल. व्यासांची मूळ संहिताच आपण छापीत आहों, असा दावा कै. सुकथनकरांनीं केला नाहीं. उपलब्ध पोथ्यांवरून जास्तींत जास्त जुना असा जो पाठ सिद्ध करतां येईल, तेवढाच त्यांनीं दिला. अरण्याच्या बाबतींत इतकी सावधगिरी कोण बाळगतो? ‘निसर्ग पूर्वीसारखा करावा’ असें आपण सहज बोलून जातों. पूर्वीसारखा म्हणजे केव्हांसारखा? आजोबांनीं पाहिला तसा, इंग्रज आले तेव्हां होता तसा, कीं माणसाच्या हातीं कुऱ्हाड येण्यापूर्वीं होता तसा? लेखकांचें उत्तर असें कीं, कोणत्याही एका काळाचें चित्र भिंतीवर टांगून त्याची नक्कल करीत बसूं नये. जग झपाट्यानें बदलत असतां तो बदल सोसण्याची जी शक्ति जीवसृष्टीच्या ठायीं असते, ती राखावी. ती शक्ति किती, आणि कशानें खचते, हें ज्या पोथींत लिहिलेलें आहे ती पोथी म्हणजे जीवाश्म.

ही पोथी वाचण्याच्या दोन रीति आहेत. पहिली नांवनिशीवार: कोणती जाति कोठें होती, केव्हां होती. याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील यलोस्टोनचें. तेथें लामार नांवाच्या एका गुहेंत, सांपडेल तें ओढून आणून सांठविण्याची खोड असलेल्या एका जातीच्या उंदरांमुळें सुमारें तीन हजार वर्षांचीं हाडें जमा झालीं होतीं. हॅडलीबाईंनीं तीं थरांथरांनीं तपासलीं. हवामानांत चढउतार झाले, लहान प्राण्यांची संख्या कमीअधिक झाली, परंतु सस्तन प्राण्यांचा मेळा बहुतेक तोच राहिला, असें त्यांस आढळून आलें. त्या मेळ्यांतला लांडगा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत माणसांनीं मारून नाहींसा केला. पुढें १९९५ व १९९६ या दोन सालीं कॅनडांतून ३१ लांडगे आणून तेथें सोडण्यांत आले. लांडगा हा तेथला जुना रहिवासी, हें गुहेंतील हाडांनीं सांगून ठेवलेंच होतें. येथें पाठ निश्चित होता. गळलेला एक शब्द परत जागीं घालावयाचा होता, इतकेंच.

याच विचारसरणीचें ऑस्ट्रेलियांतील उदाहरण याहून मनोरंजक, पण याहून अवघड आहे. तेथील उंच डोंगरांत पॉसम जातीचा, पोटास पिशवी असलेला, उंदराएवढा एक प्राणी राहतो. त्याची ओळख शास्त्राला प्रथम झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गुहेंतील अश्मीभूत हाडांवरून. रॉबर्ट ब्रूम यांनीं त्याचें नामकरण केलें, आणि हा प्राणी कधींच नामशेष झाला असें सर्वांनीं धरून चालविलें. नंतर १९६६ सालीं हॉथम पर्वतावरील बर्फांत खेळणारांच्या एका निवासांत तो जिवंत सांपडला! आधीं श्राद्ध आणि मागून दर्शन, असा हा प्रकार. आज तो फक्त हिमाच्छादित माथ्यांवरील दगडांच्या राशींत राहतो, आणि तें हिम आतां कमी होत चाललें आहे. जीवाश्मांचे अभ्यासक म्हणतात कीं, सुमारें अडीच कोटि वर्षांपासूनचे त्याचे पूर्वज व भाऊबंद सखल, ओलसर रानांतील थरांत सांपडतात. तेव्हां पर्वत हें त्याचें माहेर नव्हे, तो तेथें आश्रयास गेलेला आहे. त्यास खालीं आणून वसवावें. लिथगो या गांवाजवळ त्याची पैदास करण्याचा प्रयोग सुरूही झाला आहे.

येथें आम्ही थोडे थबकतों. अडीच कोटि वर्षांपूर्वींचा तो प्राणी आजच्याचा कुळबंधु आहे, तोच नव्हे. दांत व जबडे सारखे म्हणून स्वभाव सारखा, हें अनुमान मोहक आहे, सिद्ध नाहीं. बर्फाखालीं महिनोन्महिने निजून राहण्याची जी संवय या प्राण्यास जडली आहे, ती कांहीं हाडांत उमटत नाहीं. प्रयोग करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. हिम वितळत असतां स्वस्थ बसणें हाही एक प्रयोगच आहे, आणि त्याचा शेवट ठाऊक आहे. पण अनुमानास पुरावा म्हणूं नये.

पोथी वाचण्याची दुसरी रीत नांवें बाजूस ठेवून काम पाहण्याची आहे: दांतांची उंची, पानांचा आकार, मातींत राहिलेली खूण. पोटवार पठारावरील शिवालिक थरांचें संशोधन १९८९ सालीं प्रसिद्ध झालें, तें या रीतीचा नमुनाच होय. उष्ण प्रदेशांतील गवतें हवेंतील कार्बन झाडांहून निराळ्या मार्गानें ग्रहण करतात, आणि त्याची खूण मातींत टिकून राहते. त्या खुणेवरून कळलें कीं, सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वींपासून तेथें गवताचें राज्य पसरत गेलें. त्या वेळीं नांगरही नव्हता आणि शेळीही नव्हती.

परंतु कामावरच दृष्टि खिळली कीं नांवाची किंमत उतरते. आपल्याकडील चित्ता नामशेष झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. सप्टेंबर २०२२ मध्यें नामिबियांतून आठ चित्ते आणून कुनोच्या रानांत सोडण्यांत आले. ते आफ्रिकेंतील पोटजातीचे. आपला तो आशियांतील. काम तेंच करतील, ही आशा. कवितेंत एका शब्दाच्या जागीं त्याच मात्रांचा प्रतिशब्द घालतां येतो, वृत्तही मोडत नाहीं. मात्र अशा ओळीखालीं मूळ कवीचें नांव घालतांना संपादकानें जरा लाजावें.

हे दोन आक्षेप नोंदवूनही या निबंधाचें ऋण आम्हांस मान्य करावें लागतें, आणि त्याचें कारण आमच्या दाराशींच आहे. दख्खनच्या पठारावरील उघडे माळ म्हणजे उजाड झालेलें अरण्य, अशी समजूत शिकलेल्या लोकांत पक्की आहे. सरकारी नकाशांतही असल्या पुष्कळ जमिनी ‘पडीक’ या सदरांत जातात. आमच्या तरुणपणीं आमच्या महाविद्यालयाजवळचा माळ ‘हिरवा’ करण्याकरितां आम्ही स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यांत खड्डे खणले, आणि पावसाळ्यांत गिरिपुष्पाचीं रोपें लावलीं. रोपें जगलीं. चंडोल व धाविक मात्र तेथून गेले, आणि हें आमच्या ध्यानांत यावयास पंधरा वर्षें लागलीं. वास्तविक जळगांव जिल्ह्यांतील पाटणें येथील उत्खननांत शहामृगाच्या अंड्यांचीं, नक्षी कोरलेलीं कवचें मिळालीं आहेत; त्यांचें वय सुमारें पंचवीस हजार वर्षें. शहामृग दाट रानांत राहत नाहीं. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांत पाणघोड्याच्या अस्थि सांपडतात. पाणघोडा दिवसा पाण्यांत असला तरी रात्रीं बाहेर येऊन गवत चरतो. एवढ्यावरून संबंध पठार माळच होतें असें कोणी म्हणूं नये. नदीकांठीं झाडी असेल, घाटांत दाट रान असेल. पण माळ हा कालपरवां माणसानें केलेला घाव आहे, असें म्हणणाऱ्यानें आतां पुरावा आणला पाहिजे. माळढोक महाराष्ट्रांत जवळजवळ दिसेनासा झाला, तो कांहीं झाडें तोडल्यामुळें नव्हे.

निबंधाचें खरें न्यून आम्हांस येथें जाणवतें. गुहा, थंड हवा, शांत सरोवरें जेथें आहेत तेथें ही पोथी अखंड मिळते. आमच्या उष्ण, काळ्या कातळाच्या देशांत तिचीं पानें वाळवीनें खाल्लेलीं आहेत. ज्या देशाची साक्ष तुटक, त्यानें निकाल कसा द्यावा, याविषयीं लेखकांनीं अधिक लिहावयास हवें होतें. तसेंच माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरें चारणाऱ्या धनगराला त्या माळाबद्दल जें ठाऊक आहे, त्याला या शास्त्रांत स्थान काय, हेंही कळत नाहीं. आणि भाषेबद्दल बोलावयाचें तर, इतक्या जणांनीं एक लेखणी धरली म्हणजे जशी होते तशीच ती आहे: बिनचूक, आणि कोणाचीच नव्हे.

आमच्या मेजावर यंदाच्या वृक्षारोपणाचें पत्रक येऊन पडलें आहे. माळाचा जो पश्चिमेकडील तुकडा अद्याप उघडा राहिला आहे, तो या खेपेस घेण्याचें ठरलें आहे, आणि प्राध्यापकवर्गाकडून सह्या मागविल्या आहेत. आम्ही आमची सही केलेली नाहीं. पत्रकाच्या समासांत, त्या तुकड्यावर पूर्वीं कोणतें अरण्य होतें व तें कशावरून, एवढेंच विचारून तें परत धाडलें आहे.