साडेदहा आण्यांचा धूर

परीक्षण लिहायचं तर परीक्षकाची पात्रता आधी सांगावी, अशी रीत आहे. तर मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून, आणि धूम्रपानाचा पूर्वानुभव म्हणजे नववीत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे ओढलेली अर्धी सिगरेट. उरलेली अर्धी हेडमास्तरांनी जप्त केली. एवढ्या भांडवलावर मी क्यूबाच्या सिगारवर मत देणार आहे. नाटकांवर लिहिणाऱ्यांचं भांडवल तरी कुठे याहून मोठं असतं म्हणा!

सिगार आली मेहुण्याकडून. तो कंपनीच्या कामाला माद्रिदला गेला होता. येताना बहिणीला अत्तर, भाच्यांना चॉकलेटं आणि मला चष्म्याच्या घरात जपून आणलेली एकच सिगार.

"दाजी, ओढा आणि शंभरपैकी मार्क सांगा," तो म्हणाला.

हे मार्कांचं खूळ 1992 साली निघालेल्या एका अमेरिकन मासिकानं रुजवलं. तिथले परीक्षक 88, 91, 93 असे मार्क सढळ हातानं वाटतात. आमचे अकाउंटन्सीचे पेपर त्यांच्याकडे गेले असते, तर मी आज कारकून नसतो.

सिगारचं नाव मॉन्टेक्रिस्टो नंबर चार. हा ब्रँड 1935 चा. हवानाच्या कारखान्यांत कामगार सिगारी वळत असतात आणि एक जण उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबरी वाचून दाखवतो. ही प्रथा 1865 पासूनची. वळणाऱ्यांना द्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' फार आवडायची, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. आमच्या शाखेतही ही प्रथा सुरू करायला हरकत नाही. पण वाचायला फक्त परिपत्रकं आहेत.

लांबी 129 मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांच्या आसपास. जाडी मात्र इंचाच्या चौसष्टांशांत मोजतात, आणि ती 42. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. 1957 पूर्वीचा आपला रुपया चौसष्ट पैशांचाच होता की! त्या हिशेबानं माझी सिगार साडेदहा आणे जाड होती.

आता ही वस्तू पेटवण्याआधी तिचं टोक कापावं लागतं. त्यासाठी खास कातर मिळते. आमच्या घरी आजोबांचा अडकित्ता मिळाला. त्यानं आयुष्यभर सुपाऱ्या कातरल्या, पण हे काम त्यानं असं सफाईनं केलं की त्याचे दहा मार्क मी तिथल्या तिथे लिहून टाकले.

"अहो, गच्चीवर जा. पडद्यांना वास लागेल," ही म्हणाली. गेलो.

पहिला तिसरा भाग. (सिगारचं परीक्षण तीन हप्त्यांत करतात.) जाणकारांना इथे देवदाराचं लाकूड, कातडं, कॉफी असं काय काय लागतं. मला लाकूड खरंच लागलं. नव्या पेन्सिलीला टोक करून ती दातांत धरली की लागतं, तसं. कातडंही लागलं, पण ते पावसात भिजलेल्या चपलेचं होतं. कॉफी लागली नाही.

दुसरा भाग चांगला होता. चेष्टा नाही, अगदी खरं सांगतो. भाजलेल्या शेंगांच्या टरफलांचा वास आणि मागून काकवीसारखं काहीतरी गोडसर, असं दहाएक मिनिटं चाललं. कठड्याला टेकून मी खालच्या रस्त्याकडे शाखाधिकाऱ्यासारखं पाहिलं. फक्त ती एकाच अंगानं जळत होती. मी वाऱ्याला दोष दिला.

तिसऱ्या भागात घोटाळा झाला. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, हा नियम मी पाळला होता. पण मिनिटाला एकच झुरका, हा दुसरा नियम विझण्याच्या भीतीनं मोडला. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटीन नुसतं तोंडात घोळवलं तरी रक्तात जातं. माझ्या ते भराभर गेलं. घाम सुटला, गच्ची हलायला लागली, आणि मी टाकीला पाठ लावून खाली बसलो. परीक्षकाला नववीतली जागाच परत मिळाली. हिनं साखरपाणी आणलं, आणि मार्क किती, हे मुद्दाम विचारलं.

मी 71 दिले. रात्रीच मेहुण्याला कळवले.

सकाळी स्वयंपाकघरात पाहतो तर आत्या वर्तमानपत्र पसरून बसलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती सोलापूरहून आली होती, आणि नव्या नजरेनं घरातली प्रत्येक वस्तू तपासत होती. आज थोटकाची पाळी होती. तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. माझी बी. कॉम.ची फी त्यातूनच गेली, हे मी बँकेत कुणाला कधी सांगितलेलं नाही.

"दोरा कुठाय रे?" तिनं विचारलं.

"दोरा नसतो आत्या. टोकाला डिंकानं चिकटवतात."

तिनं नखानं टोक उकललं आणि पानं एकेक करून पसरली. वरचं पान, त्याखालचं बांधणीचं, आत गाभ्याची. तेंदूचं पान कुठेच नाही, सगळा तंबाखूच, याचं तिला नवल वाटलं. मग गाभ्यावरून बोट फिरवलं.

"पान झकास आहे. पण इकडून दाबून भरलीय, तिकडं पोकळ. एकाच अंगानं जळली असंल."

मी मान हलवली.

"आमच्याकडं असली माल तपासणाऱ्यानं बाजूला काढली असती. पैसे कापून. आणि ठेवूनबी घेतली असती." ती हसली. "हातानंच वळतात?"

"हातानंच."

"दिवसाला किती?"

"मोठ्या आकाराच्या असतात. शंभरेक होतात म्हणे."

"शंभरच? मग हजाराला देतात किती?"

शंभर मार्कांच्या त्या सगळ्या तक्त्यांत हा रकाना नव्हता. मी चहाचं आधण बघायला उठलो.

परत आलो तेव्हा जळका भाग वेगळा काढून राहिलेला तंबाखू तिनं कागदाच्या पुडीत बांधला होता. मिश्रीला चालेल, म्हणाली.