मोठ्याच्या मांसाचा रस्सा आणि मराठी पाकवाङ्मय

पाकपुस्तकांकडे आपले टीकाकार सहसा वळत नाहीत. ते उपयुक्त वाङ्मय, त्याचे गुणदोष गृहिणींनी पाहावेत, अशी एक समजूत आहे. परंतु पाककृती हाही गद्याचाच एक प्रकार होय. त्यास क्रियापदांची अचूक निवड लागते, क्रम लागतो, आणि वाचकाच्या घरी काय आहे व काय नाही याची जाण लागते. या कसोट्या लावून पाहिले म्हणजे आपल्या पाकवाङ्मयातील एक उणीव ठळकपणे दिसू लागते. कमी किमतीचे चिवट मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून मऊ करण्याची कृती मराठी मुलखातील कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्या पाकपुस्तकांत मात्र तिला जवळजवळ स्थान नाही.

लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र' या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात मासळी व मटण यांना भरपूर जागा आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. दोन्ही पुस्तके मोलाची आहेत. पण ज्याला बोलीत 'मोठ्याचे' म्हणतात त्या मांसाला दोहोंतही प्रवेश नाही. याबद्दल लेखिकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपापले स्वयंपाकघर लिहिले. दोष असेल तर तेवढ्यालाच 'मराठी स्वयंपाक' म्हणणाऱ्या आपणा वाचकांचा आहे.

दलित आत्मकथनांनी ही भिंत एका बाजूने पाडली. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) वाचताना अन्नाचा विषय टाळता येत नाही. तथापि आत्मकथनांत अन्न येते ते बहुधा भुकेच्या आणि अपमानाच्या संदर्भात. ते रांधले कसे, हा प्रश्न मागे राहतो. तो प्रश्न शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात पुढे आणला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यपरंपरा त्यांनी नोंदविली. वजडी, रक्ती, उन्हात वाळविलेल्या चान्या यांची नावे आणि कृती लिहून ठेविल्या. धर्मग्रंथांतील व संतवाङ्मयातील अन्नविचारावर त्यांनी जी टीका केली आहे तिच्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु पुस्तकाचे चिरस्थायी मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, वादाच्या भागापेक्षा कृतींच्या भागात अधिक आहे. वादाला प्रतिवाद असतो. जी चव कोणी लिहून ठेविली नाही ती माणसाबरोबर जाते.

मात्र हे पुस्तक मराठवाड्याचे आहे. बेळगाव-निपाणीकडची चूल अद्याप अशा लेखकाची वाट पाहत आहे, आणि ही गोष्ट आपणांस विशेष लागावी असे कारण आहे. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावास ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले व त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून भाषेच्या नावाने आपण त्यावर हक्क सांगत आलो. जी भाषा आपली म्हणावयाची तिच्यातली सगळी घरे आपली म्हणावयास नकोत काय? निपाणीत पिठाची गिरणी चालवीत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांनी कष्टकऱ्यांचे जग मराठी कथा-कादंबरीत आणले. पाकवाङ्मयाने तेवढेही केलेले नाही.

येथे एक आक्षेप आतूनच येण्याजोगा आहे. याच निपाणीस १९२५ साली बहिष्कृत परिषदेत डॉ. आंबेडकरांचे भाषण झाले, आणि १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. मग या आठवणी पुन्हा कशास उकराव्या? उत्तर असे की, त्याग झाला तो मृतमांसाचा व त्याच्याशी जखडलेल्या गुलामीचा. बाजारातून विकत आणून रांधलेल्या मांसाची गोष्ट वेगळी. ज्यांना ते निषिद्ध आहे त्यांनी ते खावे असेही कोणी म्हणत नाही. वाचणे म्हणजे खाणे नव्हे.

अशी कृती लिहावयाची झाल्यास तीत काय असावे? प्रथम मांस कोणते हे स्पष्ट हवे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्याने केवळ तेरा वर्षांवरील म्हशी-रेड्यांची मोकळीक ठेविली. म्हणजे बेळगावकडे कायद्याने मिळते ते म्हाताऱ्या जनावराचे मांस. त्यातही नडगीचे व मानेचे मांस स्वस्त, कारण जनावराने आयुष्यभर राबविलेले हे स्नायू चिवट असतात. त्यांतील चिवट धागे ओलसर, मंद उष्णतेत दोन-तीन तास राहिले म्हणजे विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा देतात. भडक आचेवर घाई केली तर तेच मांस आक्रसून कोरडे पडते.

म्हणून अर्धा किलो मांसाचे मोठे तुकडे हळद-मीठ लावून ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा व आले-लसूण परतून त्यात मांस तांबूस होईपर्यंत हलवावे. मग कांदा-लसणाची चटणी घालावी. पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओतावे. आतली वाफ ताटलीला लागून पुन्हा खाली पडते आणि मांस अंगच्या रसात शिजते. ताटलीतले तापलेले पाणी लागेल तसे आत सोडावे, गार पाणी घालू नये. या पद्धतीला इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत ते नाही, पण 'झाकणावर पाणी ठेवून' एवढे म्हटले की शिकलेली-न शिकलेली कोणतीही बाई ती ओळखते. गरम भाकरीबरोबर असा रस्सा पुढ्यात आला म्हणजे दिवसभराचा शीण उतरतो.

परंतु एक गोष्ट पाककृती लिहिणारे हटकून विसरतात. असे मांस स्वस्त पडते ते बाजारात. तीन तासांचे जळण आणि तीन तासांची राखण यांचा हिशेब त्या किमतीत धरलेला नसतो. तंबाखूच्या वखारीतून संध्याकाळी परतणाऱ्या निपाणीच्या बाईला ते तीन तास कोठून मिळावेत? कुकरने वेळ वाचतो, जळणही वाचते. रस हळूहळू आटून येणारा दाटपणा मात्र तितका साधत नाही. ज्या कृतीत वेळ आणि सरपण यांचा उल्लेख नाही ती, माप कितीही अचूक असो, अर्धीच लिहिली गेली असे समजावे.

साहित्यसंस्थांनी लोकगीते जमविली, म्हणी जमविल्या, बोलींचे कोश केले. त्याच आस्थेने सीमाभागातील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरच्या कृती, आयांच्याच शब्दांत, उतरवून घेतल्या तर ते काम भाषेचेच होईल. त्या सांगणाऱ्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. या कामी फार उशीर करून चालणार नाही.