खाजगी घटक, वस्तुकेंद्री आज्ञावलीतील

वस्तुकेंद्री संगणकीय आज्ञावलीत माहिती व तिच्यावरील क्रिया यांचा एकत्रित आराखडा म्हणजे वर्ग आणि त्यानुसार घडविलेला प्रत्येक नग म्हणजे वस्तू होय. बाहेरील आज्ञांपासून राखून ठेवलेल्या घटकांना खाजगी घटक म्हणतात. मात्र हा खाजगीपणा वस्तूचा की वर्गाचा, याबाबत संगणकीय भाषांत एकवाक्यता नाही.

सी प्लस प्लस व जावा (१९९५) या भाषांत तो वर्गाचा आहे. उदा., रायगड किनाऱ्यावरील मांडवा बंदरातून मुंबईस जाणाऱ्या बोटींच्या आज्ञावलीत ‘बोट’ हा वर्ग व ‘रिकाम्या जागा’ हा त्याचा खाजगी घटक मानल्यास, एका बोटीच्या क्रियेला दुसरीच्या रिकाम्या जागा थेट वाचता व बदलता येतात. ‘तिकीटखिडकी’ या वर्गाला यांपैकी काहीच करता येत नाही. याउलट स्मॉलटॉक भाषेत असे घटक त्या त्या वस्तूपुरतेच असतात. इतर वस्तूंना संदेश पाठवूनच ते विचारावे लागतात.

पहिल्या पद्धतीने वस्तूच्या स्वायत्ततेस बाध येतो, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. तीत संरक्षण वर्गाच्या अंतर्रचनेचे असते. ती बदलल्यास दुरुस्ती त्या वर्गापुरतीच राहते. दोन वस्तूंची तुलना वा नक्कल करताना ही मुभा नसती, तर तेवढ्यासाठी वाचनक्रिया सर्वांनाच खुली करावी लागली असती. मात्र एका बोटीने परस्पर दुसरीच्या जागा घटविल्यास, त्या शून्याखाली जाऊ नयेत यासाठी ठेवलेली तपासणी टळते आणि भाषेचा नियम न मोडल्याने हा दोष संकलकास आढळत नाही. म्हणून वाचनाची मुभा समर्थनीय, तर थेट बदलाची सदोष ठरते.