जानोजी भोसले : ‘बापासारखे नव्हते’ हा निष्कर्ष होतो का?



नागपूरकरांना पहिल्या रघुजी भोसल्यांचा अभिमान आहे. १७५५ मध्ये ते वारले आणि मुलगा जानोजी गादीवर आले. इथून पुढे नेहमीचा सूर एकच लागतो: बाप कर्तबगार, मुलगा धरसोडीचा. मी विज्ञानाचा विद्यार्थी. असं वाक्य माझ्या प्रबंधात असतं तर गाइडनी लगेच विचारलं असतं, “तुलना कशाशी केली?”

आरोप अगदीच खोटा नाही. १७६३ मध्ये जानोजी आधी निजामाच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभे राहिले आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी पेशव्यांकडे वळले. शेवटी १७६९ मध्ये कनकापूरच्या तहात त्यांना माधवरावांपुढे नमतं घ्यावं लागलं.

पण सुरुवातीची स्थिती बघा नं. रघुजींनी १७५१ मध्ये अलीवर्दी खानाकडून ओडिशा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई मिळवली होती. जानोजींना राज्य मिळालं ते भांडणासकट. भाऊ मुधोजीही गादीवर हक्क सांगत होते. पुण्याच्या मध्यस्थीने सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना आणि चांदा मुधोजींना मिळालं. छत्तीसगड बिंबाजींकडे गेलं. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच स्थितीत मोजताच येत नाहीत.

इथेच थांबलो तर मीही घाई केली असं होईल. आता उलट उदाहरण घ्या. माधवराव पेशवेही वडिलांमागून आले, १७६१ मध्ये, पानिपतानंतर लगेच, वयाच्या सोळाव्या वर्षी. घरात काका राघोबांचा त्रास होताच. तरी त्यांनी राज्य सावरलं. त्यामुळे सगळं भाऊबंदकीवर ढकलता येत नाही. जानोजींच्या निर्णयांचा वाटा उरतोच. मात्र तो किती, हे बापाशी तुलना करून कळत नाही. माधवरावांशी केली तर थोडं तरी कळतं.

हे तुम्हाला का सांगतोय? पीएचडीला सीनियरचं अर्धवट काम पुढे न्यायची वेळ अनेकांवर येते. “त्याच्यासारखं तुला जमत नाही,” हे मीही ऐकलंय आणि खरं मानून काही महिने वाया घालवलेत. सीनियरला नवं मशीन मिळालं होतं, मला दुरुस्तीला आलेलं, हे लक्षात यायला उशीर झाला. माझ्या चुकाही होत्या, पण त्या मशीन बाजूला ठेवल्यावरच दिसल्या.

तेव्हा पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना ‘अमुक तमुकपेक्षा कमी पडला’ असं वाक्य आलं, तर दोघांची सुरुवात कुठून झाली ते आधी तपासा. आणि स्वतःबद्दल तेच वाक्य मनात आलं, तर तेव्हाही तपासा.