रोहिणी हट्टंगडी : द्वैभाषिक अभिनय आणि भूमिकांची भाषावार वाटणी

तौलनिक साहित्याभ्यासात नाटकाचा विचार बहुधा संहितेच्या अंगाने होतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हिंदीत ‘खामोश! अदालत जारी है’ झाले, की त्या भाषांतराची नोंद होते, त्याची मुळाशी तुलना होते, गाळलेल्या आणि घातलेल्या जागा दाखविल्या जातात. परंतु त्याच काळात, त्याच वाटेने मराठीभाषक नट-नट्याही दिल्लीस गेल्या, हिंदीत घडल्या आणि परतल्या. हेही एक भाषांतरच होते. त्याचा हिशेब मात्र फारसा मांडला गेलेला नाही. रोहिणी हट्टंगडी यांच्या कारकिर्दीत तो मांडता येतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमिका शेजारी शेजारी ठेवल्या, तर अभिनेत्री एकच असूनही प्रत्येक भाषेने तिच्याकडून निराळी स्त्री मागितली, असे दिसते.

१९५१ साली जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या रोहिणी ओक १९७१ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या व १९७४ मध्ये तेथून बाहेर पडल्या. जयदेव हट्टंगडी हे त्यांचे सहाध्यायी. इब्राहिम अल्काझी यांच्या संचालकपदाचा (१९६२–१९७७) तो भराचा काळ होता. विद्यालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येत आणि प्रयोग मुख्यत्वे हिंदीत होत. पुणेरी मराठीत वाढलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या वाचिक अभिनयावर मराठी रंगभूमीची सारी मदार, तोच आधार पहिल्या दिवशी काढून घेतला गेला. परक्या भाषेत उभे राहायचे तर शरीराने उभे राहावे लागते. शोझो सातो यांनी बसविलेल्या ‘इबारागी’ या काबुकी नाटकात हट्टंगडी यांनी काम केले. शिवराम कारंत यांच्या यक्षगान प्रयोगातही त्या होत्या. हे दोन्ही प्रकार परंपरेने पुरुषनटांचे. ‘इबारागी’चे कथासूत्र तर अभिनयाविषयीचेच म्हणावे असे आहे : तुटलेला हात परत मिळविण्यासाठी एक राक्षस योद्ध्याच्या म्हाताऱ्या आत्याचे रूप घेऊन येतो. वार्धक्य हे तेथे वय नसते, सोंग असते. हट्टंगडी यांच्या पुढील वाटचालीकडे पाहता हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

मुंबईत परतल्यावर ‘आविष्कार’च्या परिसरात जयदेव हट्टंगडी यांनी ‘चांगुणा’ बसविले आणि त्यात रोहिणी हट्टंगडी प्रमुख भूमिकेत उभ्या राहिल्या. हे लोर्काच्या ‘येर्मा’चे मराठी रूप. तौलनिक अभ्यासकाने थांबावे असे येथे नावच आहे. येर्मा म्हणजे ओसाड, अपत्यहीन. चांगुणा ही मात्र श्रियाळ-चांगुणेच्या कथेतील माता. अतिथीच्या मागणीपुढे जिने चिलया बाळाला मुसळाखाली घातले, ती. ज्या नावाशी मराठी मनात पुत्रबलिदान कायमचे जोडलेले आहे, ते नाव मूल नसलेल्या स्त्रीला देणे हे साधे नामांतर नव्हे. लोर्काची नायिका अखेरीस नवऱ्याचा जीव घेते आणि त्यासोबत आपल्या न झालेल्या मुलालाही मारते. मराठी नाव ही दुसरी हत्या आरंभापासूनच प्रेक्षकांच्या कानी घालते. एवढा भार पेलणारी भूमिका मराठी रंगभूमीने पंचविशीच्या आसपासच्या अभिनेत्रीवर सोपविली.

१९८१ हे वर्ष या दृष्टीने विशेष बोलके आहे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’चे चित्रीकरण तेव्हा चालू होते, अंत्ययात्रेचे दृश्य त्या वर्षीच्या ३१ जानेवारीस दिल्लीत राजपथावर घेतले गेले. त्याच वर्षी तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. एकीकडे इंग्रजी बोलणाऱ्या कस्तुरबा, दुसरीकडे मराठी बोलणारी सुमित्रा देव. मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री; तिचे बोलणे तुटक, अंगावर येणारे, मार्दव नाकारणारे. कस्तुरबांची भाषा याच्या अगदी उलट. प्रत्यक्षातील कस्तुरबांचे जगणे गुजरातीतले. चित्रपटाला मात्र त्यांच्या तोंडी इंग्रजी हवी होती. हट्टंगडी यांनी ती इंग्रजी अस्खलितही केली नाही आणि विनोदी हेल काढून ‘भारतीय’ही केली नाही. वाक्य मनात आधी दुसऱ्या भाषेत जुळत असावे, अशा विलंबाने त्या बोलतात. शौचकूपाच्या सफाईवरून आश्रमात पतीशी होणाऱ्या भांडणात हा विलंब संपतो, आणि तेथेच कस्तुरबा पत्नी म्हणून प्रथम पूर्ण दिसतात. या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमी पुरस्कार त्यांना मोरीन स्टेपल्टन यांच्यासोबत विभागून मिळाला. तिशीतील अभिनेत्रीने वार्धक्यापर्यंतचा प्रवास केला याचे कौतुक भरपूर झाले. उच्चाराच्या या बारकाव्याचे व्हावे तेवढे झाले नाही.

हिंदी चित्रपटाने त्या कौतुकातून नेमका धडा घेतला, आणि तो चुकीचा होता. हट्टंगडी यांच्या महत्त्वाच्या हिंदी भूमिकांची नावे पाहावीत : ‘पार्टी’मधील (१९८४) मोहिनी बर्वे, ‘सारांश’मधील (१९८४) पार्वती प्रधान, ‘अग्निपथ’मधील (१९९०) सुहासिनी चव्हाण. ‘अर्थ’मधील (१९८२) मुंबईत घरकाम करणारी बाई यांच्या आधीची. म्हणजे हिंदीत जाऊनही त्या बहुधा मराठी जगातल्याच बायका राहिल्या. फरक एवढाच, की त्या बायका हिंदीत बोलत. मराठीचा सूर ऐकू येण्यास मोकळीक होती ती घरकाम करणाऱ्या बाईला. मध्यमवर्गीय झाली की ती स्वच्छ हिंदीत बोलू लागे. ‘अर्थ’मधील ही बाईदेखील नवऱ्याचा जीव घेते, तोही मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेल्या पैशांवरून. ‘चांगुणा’त जे शोकांतिकेचे केंद्र, ते येथे उपकथानक होते. ‘पार्टी’ महेश एलकुंचवार यांच्या मराठी नाटकावरून निघाला. त्यातील मद्यात बुडालेल्या मोहिनीसाठी हट्टंगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे सारा मराठी साहित्यवर्गच हिंदीत गेलेला असल्याने कोणाचीच मराठी वेगळी उठून दिसत नाही.

‘सारांश’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. शिवाजी पार्कच्या परिसरातील वृद्ध मराठी दांपत्य. पती अनुपम खेर, वय अठ्ठावीस, सिमल्याचे. पत्नी हट्टंगडी, वय तेहतीस. दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. भोवताली निळू फुले, सुहास भालेकर. गीते वसंत देव यांची, म्हणजे ज्यांनी मराठी नाटके हिंदीत नेली त्यांचीच. खेर यांचा प्रधान मास्तर बोलून दुःख करतो, आणि ते बोलणे मराठी शिक्षकाचे वाटत नाही. पार्वती कमी बोलते. तिचे मराठीपण पदर सावरण्यात, हातातले काम न थांबवता ऐकत राहण्यात, मेलेला मुलगा परत येणार या श्रद्धेच्या साध्या हट्टात आहे. संहितेने जे भाषेतून काढून घेतले ते तिने देहात ठेवले आहे. समीक्षेने खेर यांचे पदार्पण साजरे केले ते योग्यच. चित्रपटाचा पत्ता मात्र पार्वतीमुळे कळतो.

‘अग्निपथ’मध्ये आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या अमिताभ बच्चन यांची आई होण्याची वेळ आली. त्यावर वेगळे भाष्य नको.

यावरून मराठी म्हणजे मोकळीक आणि हिंदी म्हणजे कोंडी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो टिकत नाही. २००१ ते २०१३ या काळात मराठी दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने याच अभिनेत्रीला तीन हजारांहून अधिक भाग घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या चौकटीत ठेवले, आणि तेही तिच्या मातृभाषेत. याउलट ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग हिंदीतला. मूळ नाटक नीतीश सेन यांचे, बंगालीतले. दिग्दर्शन जयदेव हट्टंगडी यांचे, ज्यांचे निधन २००८ मध्ये झाले. म्हणजे वाटणी केवळ भाषेची नव्हती, माध्यमाचीही होती. रंगमंचावर हिंदीनेदेखील या अभिनेत्रीला कोणाची आई वा बायको म्हणून न आणता एकटीला उभे केले, आणि तेथे संपूर्ण प्रयोगभर बोलण्याचा अधिकार तिचा एकटीचा होता.